‘पिंजरा’ अर्ध्यात बंद केलात, बिघडलं काय?

तुम्ही विचारलंत ते थोडक्यात असं: साताऱ्याला सुट्टीत अकरावीतल्या लेकीला तुम्ही हौसेने ‘पिंजरा’ लावून दिलात. तुम्ही तो लहानपणी आई-वडिलांबरोबर पाहिलेला, गाणी तोंडपाठ. तासाभराने पोरगी उठली आणि म्हणाली, “बाबा, सगळी चूक त्या नाचणारणीचीच कशी?” तुम्हाला उत्तर सुचलं नाही. नंतर उरलेला भाग एकट्याने बघायला बसलात, तर तुम्हालाही तो जड गेला. आता प्रश्न असा की चित्रपट शिळा झाला की आपण बदललो, आणि जुन्या चित्रपटाला त्याच्या काळाच्या मापाने मोजायचं की आजच्या.

मी सांगलीत कॉलेजात मराठी शिकवलं. आता निवृत्त झाले आहे, पण वाचनालयाच्या हॉलमध्ये जुने चित्रपट दाखवायचं काम अजून माझ्याकडेच आहे. कुठला दाखवायचा, कुठला नाही, हे ठरवण्यात माझा बराच वेळ जातो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ‘जुनं ते सोनं’ म्हणणारे आणि ‘दहा मिनिटं बघवत नाही’ म्हणणारे, दोघांशीही माझं फारसं जमत नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

तुमच्या लेकीने विचारलेला प्रश्न खरा आहे, त्याकडे येतेच. पण त्याआधी दोन गोष्टी बाजूला काढू, कारण त्यांचा राग बहुतेक वेळा विनाकारण चित्रपटावर निघतो.

पहिली म्हणजे प्रत. तुम्ही कुठली पाहिलीत ते लिहिलेलं नाही. फोनवर शोधून टीव्हीवर टाकली असेल, तर काय झालं असेल याचा अंदाज येतो. जुन्या काळ्या-पांढऱ्या चित्रपटांची चौकट जवळजवळ चौकोनी असायची, रुंदी उंचीच्या १.३७ पट. आजच्या टीव्हीची रुंदी १.७८ पट. त्यात बसवायचं म्हणून कुणीतरी चित्र आडवं ताणतं, मग सगळी माणसं बुटकी आणि गुबगुबीत दिसतात. नाहीतर वरून-खालून कापतं, आणि कापलं की पावभागाच्या आसपास चित्र जातं. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) हा अनंत माने यांचा तमाशापट मी एकदा अशा कापलेल्या प्रतीत बघितला. बाई नाचतेय आणि घोट्याखाली काही नाही. घुंगरू ऐकू येतात, दिसत नाहीत. लावणीतले पाय कापल्यावर उरलं काय? माझ्या शेजारी बसलेला मुलगा म्हणाला, “हिला नाचता येत नाही.” त्याला जे दिसत होतं त्यावरून तो बरोबरच बोलत होता.

सत्तरच्या दशकातल्या रंगीत प्रतींचं दुखणं निराळं. त्या फिल्मवरचा निळसर-हिरवा रंग आधी उडतो आणि लाल मागे राहतो. मग आभाळ, गवत, नऊवारी, सगळ्यावर गुलाबी-तपकिरी कळा येते आणि आपण म्हणतो, त्या काळी चव नव्हती. आणखी एक बारीक गोष्ट गाण्याच्या शौकिनांसाठी. टीव्ही आणि डीव्हीडीच्या जुन्या पद्धतीत सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट २५ ने पळवायचे. वेग चार टक्क्यांनी वाढतो आणि सूरही चढतो. पेटी घेऊन बसलात तर काळी एकचं गाणं पांढरी दोनला टेकायला आलेलं सापडेल. अशा प्रतीवरून कुणाच्या गळ्याबद्दल किंवा नाचाच्या लयीबद्दल मत बनवू नये.

दुसरी गोष्ट म्हणजे आपली आठवण. आपल्या पिढीला जुना मराठी चित्रपट आठवतो म्हणजे खरं तर त्याची गाणी आठवतात. आकाशवाणी सांगलीने ती इतक्यांदा ऐकवली आहेत की चित्रपट पाहिला नसला तरी पाहिल्यासारखा वाटतो. म्हणून मी एखादा चित्रपट पुन्हा बघायच्या आधी आठवणारे प्रसंग कागदावर लिहून काढते. गाणी सोडून. तुम्ही ‘पिंजरा’साठी करून बघा. पान अर्धं भरलं तरी पुष्कळ. मग दुसऱ्यांदा बघताना जे जड जातं, ते बऱ्याचदा पहिल्यांदाही जडच गेलेलं असतं, आपण ते विसरलेलो असतो एवढंच.

अभिनय मोठ्या आवाजातला वाटतो, ही तक्रारही नेहमीची. ती मी फार मनावर घेत नाही. आमची सांगली नाटकवाल्यांची. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये इथे ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, तेव्हापासून शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचला पाहिजे हे इथल्या रक्तात आहे. सुरुवातीच्या बोलपटांतले नट त्याच रंगमंचावरून आलेले. त्यांची ढब पंधरा-वीस मिनिटांत अंगवळणी पडते. नाही पडली तर तो चित्रपट त्या दिवशी सोडून द्यावा, पाप लागत नाही.

आता मुद्द्याचं. मी एकच कसोटी लावते: चित्रपट ज्याच्या विरुद्ध निकाल देतो, त्या माणसाला तो नीट बघतो का? निकाल जुनाट असला तरी चालेल. जुन्या चित्रपटाचे विचार जुने असणारच, त्यात नवल काय? पण हरणाऱ्या बाजूला त्याने बोलायला जागा दिली असेल, तर तो पन्नास-ऐंशी वर्षांनी उलट्या बाजूनेही बघता येतो. नसेल दिली, तर निकाल बदलला की चित्रपटात बघण्यासारखं फारसं उरत नाही.

उदाहरण ‘संत तुकाराम’चं घ्या. प्रभात कंपनीचा, १९३६ चा, दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला. व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला म्हणून तो मोठा, असं सांगितलं जातं, पण आज आमच्या हॉलमध्ये तो चालतो तो तुकोबांच्या बायकोमुळे, जिजाईमुळे. कथेच्या हिशेबाने ही बाई चुकीच्या बाजूला आहे. नवरा संत आणि ही भांडकुदळ, संसारात अडकलेली. पोर आजारी पडतं तेव्हा ती त्याला ओढत देवळात नेते आणि पायातली चप्पल काढून थेट पांडुरंगावर उगारते. गौरी या नटीने हे काम असं केलं आहे की प्रेक्षक क्षणभर देवाची बाजू सोडतो. घरात दाणा नाही, पोर तापलेलं, आणि कर्ता माणूस भजनात. तिने काय करायचं? चित्रपट भक्तीच्या बाजूचाच आहे, पण तिचं म्हणणं तो दाबत नाही. शेवटी तुकोबा वैकुंठाला चल म्हणतात तेव्हाही ती जात नाही. तुकोबांना न्यायला तो गरुड आला की आमच्याकडे पोरं हसतात, आणि हसू देत. जिजाईला कुणी हसत नाही. हसतात ते तिच्या बाजूने.

‘कुंकू’ (१९३७) याहून अवघड, आणि माझ्या मते तुमच्या लेकीसाठी जास्त कामाचा. कोरेगावला राहून लिहिणारे ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी केलेला. म्हणजे कथा तुमच्याच जिल्ह्यातली. तरुण नीराचं लग्न फसवून म्हाताऱ्या वकिलाशी, काकासाहेबांशी, लावून देतात, आणि ती नवरा म्हणून त्याला मान्यच करत नाही. रडून नाही, ठामपणे. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. जे ऐकू येतं ते प्रसंगातलंच, त्यामुळे घरातली शांतता अंगावर येते. भिंतीवरचं जुनं घड्याळ तर एखाद्या पात्रासारखं वावरतं. शांता आपटे यांची नीरा आजच्या मुलींना लगेच कळते. पण केशवराव दाते यांचे काकासाहेबही नुसते खलनायक नाहीत. म्हातारपण आणि लाज एकाच वेळी अंगावर आलेला माणूस आहे तो, आणि कॅमेरा त्याच्याजवळही थांबतो.

या चित्रपटाला त्याच्या काळाची मर्यादा आहेच. नीरा शेवटी सुटते ती स्वतःच्या नकाराने नाही, तर काकासाहेबांना पश्चात्ताप होतो, ते तिला मोकळं करणारी चिठ्ठी लिहितात आणि जीव देतात म्हणून. इथे मला नेहमी आमच्या हरिपूरचे नाटककार गो. ब. देवल आठवतात. त्यांचं ‘शारदा’ हे नाटक १८९९ चं, विषय तोच, जरठ-कुमारी विवाह, म्हणजे म्हाताऱ्याशी कोवळ्या मुलीचं लग्न. तिथे लग्न मोडतं कशाने, तर वर आणि वधू सगोत्र निघतात म्हणून. म्हणजे १८९९ मध्ये मुलीची सुटका गोत्राने, १९३७ मध्ये म्हाताऱ्याच्या पश्चात्तापाने. मुलीचा नुसता ‘नाही’ दोन्हीकडे पुरत नाही. पण १९३७ मध्ये तो ‘नाही’ सबंध चित्रपटभर ऐकू येतो, आणि म्हणून शेवट पटला नाही तरी ‘कुंकू’ तोलून राहतो. १९८२ च्या ‘उंबरठा’मध्ये बाई घराबाहेर पडते ती स्वतःच्या निर्णयाने. हा पल्ला डोळ्यांनी बघायचा तर जुने चित्रपट बघावेच लागतात, भाषणातून तो कळत नाही.

तर आतापर्यंतचं एवढंच: आधी प्रत तपासा, आठवणीवर विसंबू नका, आणि मग हरणाऱ्या बाजूकडे बघा. आता ‘पिंजरा’.

तुमच्या लेकीचं बरोबर आहे. १९७२ चा हा चित्रपट, शांताराम यांचाच, तत्त्वनिष्ठ गुरुजी तमाशातल्या चंद्रकलेच्या नादी लागून घसरतात त्याची गोष्ट. पण नीराला दिली तेवढी जागा त्यांनी इथे चंद्रकलेला दिली नाही. ते काम करणाऱ्या संध्याबाईंच्या वाट्याला गाणी आहेत, ठसका आहे, सूड आहे. ती फडात कशी आली, दिवसभर काय करते, रात्री खेळ संपल्यावर पैसे कोण मोजून घेतं, यातलं काही नाही. गुरुजींना तत्त्वं आहेत, गाव आहे, अधःपतन आहे. तिला फक्त त्यांना पाडण्याचं काम आहे. कथेचा साचा १९३० च्या ‘द ब्लू एंजल’ या जर्मन चित्रपटावरून घेतलेला, तो आपल्या तमाशावर बसवताना फडातल्या बाईची बाजू बाहेर राहिली.

इथे लोक हमखास म्हणतात, तो काळच तसा होता. हे मी सहसा ऐकून घेत नाही, कारण त्या काळात दुसऱ्या बाजूने बोलणारेही होते. आमच्या वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे. त्यांच्या ‘वैजयंता’ कादंबरीत तमाशातल्या बाईचं जगणं तिच्या बाजूने येतं, आणि त्यावर गजानन जागीरदार यांनी १९६१ मध्ये चित्रपटही केला, ‘पिंजरा’च्या अकरा वर्षं आधी. अभिनेत्री हंसा वाडकर यांनी आपलं आयुष्य स्वतः सांगितलं, त्या आत्मकथनाचं नावही ‘सांगत्ये ऐका’च. आणि वाळवा तालुक्यातलंच रेठरे हरणाक्ष, पठ्ठे बापूरावांचं गाव. कुलकर्णी घराण्यातला शिकलेला माणूस, घरदार सोडून तमाशात गेला, पवळा या नाचणारणीबरोबर फड गाजवला, लावण्या लिहिल्या. शेवटचे दिवस हलाखीत गेले हे खरं. पण त्यांना कुणी तमाशाने बिघडवलेला गुरुजी म्हणत नाही, आपण त्यांना शाहीर म्हणतो. म्हणजे ब्राह्मण माणूस आणि फडातली बाई या गोष्टीचा दुसरा शेवट आपल्याच मातीत घडलेला होता. तेव्हा ‘काळच तसा’ म्हणण्यापेक्षा ‘या चित्रपटाने ही बाजू निवडली’ म्हणावं, ते जास्त खरं आहे.

मग ‘पिंजरा’ टाकून द्यायचा का? मी नाही टाकणार. एक तर राम कदम यांचं संगीत आणि डॉ. लागूंनी केलेले गुरुजी. शिवाय तुम्ही बंद केलात त्याच्या पुढचा भाग आज जास्त धारदार झालाय असं मला वाटतं. गुरुजींचा खून झाला असं समजून गाव त्यांचा पुतळा उभारतं. खरे गुरुजी फडात पडेल ते काम करत जिवंत असतात. शेवटी त्या माणसाला स्वतःच्याच खुनाबद्दल शिक्षा होते, आणि तोही पुतळ्याची अब्रू वाचावी म्हणून तोंड उघडत नाही. १९७२ च्या प्रेक्षकाने यात बहुधा बाईच्या नादी लागू नये हा धडा घेतला. आज बघताना मला दिसतं ते गाव. ज्याला हाडामांसाचा मास्तर नकोय, चौकातला पुतळा हवाय. हे शांताराम यांना एवढं ठळक म्हणायचं होतं की नाही, यावर आमच्या हॉलमध्ये वाद होतात. वाद होतात म्हणजेच चित्रपटात अजून जीव आहे. लेकीला दाखवायचाच असेल तर पूर्वार्धाबद्दल तिचं म्हणणं मान्य करून टाका आणि उत्तरार्ध दोघांनी मिळून बघा.

‘सामना’बद्दल फार लिहीत नाही, कारण साखर कारखान्यांच्या पट्ट्यात राहणाऱ्याला तो समजावून सांगायला लागत नाही. निळू फुले यांचा साखरसम्राट हिंदुराव पाहुणचार करतो, हसतो, समोरच्याला जिंकून घेतो. विजय तेंडुलकरांनी त्याला इतका माणूस म्हणून लिहिलाय की मारुती कांबळेचं काय झालं हा प्रश्न मास्तर विचारायला लागतो तेव्हा आपल्यालाच अडचणीचं होतं, कारण त्याच्या घरचं जेवण आपणही जेवलेले असतो.

विनोदी चित्रपटांना मात्र ही कसोटी जशीच्या तशी लावता येत नाही. विनोद हॉलवर अवलंबून असतो. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) रात्री एकट्याने फोनवर बघा आणि मग भरल्या हॉलमध्ये बघा, दोन वेगळे चित्रपट वाटतील. तो टिकलाय तो बांधणीमुळे. एक थाप झाकायला दुसरी, तिच्यावर तिसरी, आणि प्रत्येक जण नेमका नको तेव्हा दारात उभा. साडीतल्या पुरुषांवरचे काही विनोद आता शिळे वाटतात, पण फजिती होते ती थाप मारणाऱ्यांचीच, घरमालकीणबाईंची नाही. दादा कोंडके यांच्याबद्दल विचाराल, तर ‘सोंगाड्या’ जरूर बघा, नंतरचे आपापल्या जबाबदारीवर.

कुणाबरोबर बघता यावरही बरंच ठरतं. ‘स्वदेस’ आता वीस वर्षांहून जुना झाला. त्याचं बरंच चित्रण वाईजवळ झालं, म्हणून वाईकरांबरोबर बघितलात तर कथा बाजूला राहते. हा मेणवलीचा घाट, तो नाना फडणवीसांचा वाडा, अमक्याचा काका गर्दीत उभा आहे, यातच वेळ जातो. मजा येते, पण त्या दिवशी चित्रपटाबद्दल मत देऊ नये. तसंच रडवणाऱ्या कौटुंबिक चित्रपटांचं. ‘माहेरची साडी’ मला पटत नाही, पण आमच्या हॉलमध्ये तो बघून ज्या बायका डोळे पुसतात त्यांना पटतो, आणि त्यांच्याकडे माझ्यापेक्षा चांगली कारणं असू शकतात.

राहिला तुमचा मापाचा प्रश्न. मी दोन्ही मापं वापरते, पण एकदम नाही. पहिल्यांदा बघताना आजचीच मी असते, जे खटकेल ते खटकू देते. मग त्याच सुमाराचा, त्याच विषयावरचा दुसरा चित्रपट किंवा पुस्तक शोधते. ‘पिंजरा’ला ‘वैजयंता’, ‘कुंकू’ला ‘शारदा’. काळाचं माप आपण मनाने ठरवायचं नाही, त्या काळातल्याच दुसऱ्या कुणाकडून उसनं घ्यायचं. तेव्हाचे लोक एकसारखा विचार करत नव्हते, आपण करतो का?

लेकीबरोबर पुढचा म्हणून ‘कुंकू’ लावा. लावण्याआधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्राचं माप ४:३ करा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील, ते तसेच राहू द्या. मध्ये थांबवून समजावून सांगू नका. आणि काकासाहेबांच्या चिठ्ठीवर ती वैतागली, तर तिला ‘शारदा’ वाचायला द्या, कुठल्याही जुन्या वाचनालयात मिळेल.